माणिक्कम स्थपतींचा दगड सदोष नव्हता

"'पॉसिबल' लिही," सायमन म्हणाला. "दगडात आधीपासूनच दोष असण्याची शक्यता आहे, एवढंच. शक्यता काय, कशाचीही असते. तू खोटं काहीच लिहीत नाहीयेस, मेधा."

सायमन माझा डायरेक्टर. आम्ही मिल्टन कीन्समधल्या एका साइट केबिनमध्ये बसलो होतो. टेबलावर एक रिपोर्ट होता. नाव माझं, मजकूर दुसऱ्या कुणाचा तरी, सहीची जागा रिकामी. खिडकीबाहेर ग्रॅनाइटचा एक मोठा दगड दोन तुकडे होऊन लाकडी पॅलेटवर पडला होता. त्याच्या शेजारी अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ उकिडवे बसले होते. त्यांच्या पिवळ्या जॅकेटवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'व्हिजिटर' लिहिलं होतं.

ते देऊळ त्यांनीच डिझाइन केलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. इमारत उभी कशी राहील याचं गणित करणं हे माझं काम. पुण्याहून इकडे येऊन मला बावीस वर्षं झाली. आमचं ऑफिस नॉटिंगहॅमला. ऑफिसं, शाळा, मल्टिस्टोरी कार पार्क असली कामं आम्ही करतो. देऊळ पहिलंच. मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटजवळ, टाइल्सचं गोडाउन आणि सेल्फ-स्टोअरेज यांच्या मधल्या प्लॉटवर, तिथल्या तमिळ मंडळींनी पूर्ण दगडी देऊळ बांधायचं ठरवलं. बांधकाम एका ब्रिटिश कॉन्ट्रॅक्टरकडे दिलं. त्या कॉन्ट्रॅक्टरने स्ट्रक्चरसाठी आम्हाला नेमलं. म्हणजे आमचा क्लायंट देवळाची कमिटी नव्हती, कॉन्ट्रॅक्टर होता. पुढे जे झालं ते कळायला एवढं लक्षात असलं म्हणजे पुरे.

दगड मात्र तमिळनाडूतून आले. माणिक्कम हे स्थपती. स्थपती म्हणजे दक्षिणेतल्या देवळांचा आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि मुख्य कारागीर, तिन्ही एकाच माणसात. त्यांचे वडील स्थपती होते, आजोबाही. त्यांच्या यार्डात प्रत्येक दगड हातछन्नीने घडवला, सगळं देऊळ एकदा तिथेच कोरडं रचून पाहिलं, दगडांवर नंबर टाकले, उतरवलं, कंटेनरमध्ये भरलं आणि इकडे पाठवलं. कोरडं म्हणजे खरोखरच कोरडं. दोन दगडांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही. दगड दगडावर स्वतःच्या वजनाने बसतो. तिकडची हजारेक वर्षांची देवळं अशीच उभी आहेत.

आता तो फुटलेला दगड. गाभाऱ्यावर जो बुरुजासारखा भाग चढत जातो त्याला दक्षिणेत विमान म्हणतात. आपण त्या सगळ्याला शिखर म्हणतो, त्यांच्याकडे शिखर म्हणजे फक्त वरची टोपी. भिंत संपून विमान सुरू होतं तिथे चारही बाजूंनी एक गोलसर वळलेला दगडी छज्जा असतो, त्याला कपोत म्हणतात. कपोताचा प्रत्येक दगड पाच-साडेपाच फूट लांब. त्यातला दोनेक फूट भाग भिंतीबाहेर झुकलेला, उरलेला आत भिंतीवर टेकलेला. बाहेरचं वजन दगडाला पुढे पाडायला बघतं. आतल्या शेपटीवर वरच्या थरांचं वजन बसतं आणि ते त्याला दाबून धरतं. सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला मूल बसलंय आणि दुसऱ्या टोकाला हत्ती.

असे तीस दगड होते. त्यांतला एक क्रेनने उचलताना जमिनीपासून दोन फुटांवर मधोमध फुटला. कुणाला लागलं नाही. सगळे 'थँक गॉड' म्हणाले, आणि पुढच्या दहा मिनिटांत दोषी कोण हे ठरूनही गेलं.

"इंडियन स्टोन," कॉन्ट्रॅक्टरचा प्रोजेक्ट मॅनेजर क्रेग म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. काय येतं, कुठून येतं, काही टेस्ट सर्टिफिकेट नाही. आता सगळंच कास्ट काँक्रीटमध्ये करू. ग्लास फायबरचं पातळ काँक्रीट, साच्यातून काढायचं. कार पार्कमधून कुणाला फरक कळणार आहे?"

मी सही मारली असती तर हेच होणार होतं. दगड सदोष ठरणार, उरलेले दगड बाजूला पडणार, माणिक्कम आणि त्यांचे चार शिल्पी घरी जाणार, आणि देवळाला साच्यातलं विमान मिळणार. आणि माणिक्कम स्थपतींनी सदोष दगड पुरवला असं कागदावर कायमचं राहणार. असा एक कागद पुरतो. त्यानंतर त्यांना भारताबाहेरचं काम कुणी दिलं नसतं.

"मला आधी दगड बघू दे," मी सायमनला म्हटलं.

"फ्रायडेपर्यंत हवंय."

"आज मंडे आहे."

मी बाहेर गेले. माणिक्कम उठून उभे राहिले. "वणक्कम अम्मा," म्हणाले, आणि मग मला धक्काच बसला, कारण पुढचं वाक्य मराठीत आलं. "तुमी पुण्याची ना? डॉक्टर अम्मा बोलली."

मुंबईत एका देवळाच्या कामावर त्यांनी चार वर्षं काढली होती. मराठी तिथे शिकले, मजुरांकडून. दीड वर्ष आम्ही एकाच प्रोजेक्टवर होतो, आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी ड्रॉइंग पाठवायची, ते क्रेगकडे जायचं. माझं त्यांच्याशी काम पडतं, असं मला कधी वाटलंच नाही.

"काय झालं, स्थपतीजी?" मी विचारलं.

त्यांनी मला फुटलेल्या तोंडाजवळ नेलं. तडा जिथून गेला होता तिथे एक भोक अर्धं कापल्यासारखं उघडं पडलं होतं. स्टीलच्या डॉवेलसाठी पाडलेलं भोक. डॉवेल म्हणजे दोन दगडांना जोडणारी जाड पिन.

"हा होल," ते म्हणाले. "कोण बोलला इथे होल मारायला?"

ते मीच सांगितलं होतं.

माझ्या ड्रॉइंगवर टिपांच्या यादीत सातवी टीप होती: बाहेर झुकलेले सर्व दगड स्टेनलेस स्टीलच्या डॉवेलने खालच्या दगडाला जोडावेत, भोक भिंतीच्या कडेजवळ. ती टीप मी या देवळासाठी लिहिलीच नव्हती. एका ऑफिस बिल्डिंगच्या ड्रॉइंगवरून कॉपी केली होती. तिथे दगड म्हणजे दीड इंच जाडीची कातडी असते, आतल्या फ्रेमवर टांगलेली, पिन नसली तर खाली येईल. इथे टांगायला फ्रेमच नव्हती. इथे दगड हीच इमारत होती. आणि पुढे झुकलेल्या दगडात सगळ्यात जास्त ताण कुठे येतो? भिंतीच्या कडेवर, वरच्या अंगाला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलालाही हे येतं. बरोबर तिथे मी भोक पाडायला सांगितलं होतं.

"मी लेटर दिला होता तुमाला," माणिक्कम म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. "तुमी जवाब नाय दिला."

"मला? कधी?"

"पोंगलच्या टायमाला."

मी गाडीत जाऊन लॅपटॉप उघडला. पत्र होतं. जानेवारीतला ईमेल, कमिटीच्या सेक्रेटरी डॉक्टर सुमती, म्हणजे त्यांच्या डॉक्टर अम्मा, यांनी फॉरवर्ड केलेला, विषय: 'देवळात लोखंड वापरण्याबाबत'. मी तो उघडला होता, पहिली ओळ वाचली होती, धार्मिक आक्षेप दिसतोय म्हणून 'स्टेकहोल्डर कॉरस्पॉन्डन्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला होता आणि विसरले होते. लोखंड चालत नाही, शास्त्रात नाही, वगैरे असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

पत्रात शास्त्र फक्त एका ओळीत होतं. बाकी पानभर हाताने काढलेलं कपोताचं सेक्शन. शेपटीवर बसणाऱ्या वरच्या दगडांची वजनं, त्यांच्या मापात. झुकलेल्या भागाचं वजन. वरचा थर बसेपर्यंत खालून लाकडी टेकू कुठे द्यायचे त्याच्या खुणा. आणि भिंतीच्या कडेवर एक फुली, शेजारी मोडक्या इंग्रजीत: इथे भोक नको, इथेच दगड ओढला जातो, इथेच फुटेल.

फुली आणि फुटलेली जागा एकच होती.

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. आधी माझाच. एक म्हातारा, धोतर नेसणारा, इंग्रजी न येणारा माणूस लोखंडाबद्दल लिहितोय म्हणजे देवाधर्माचंच लिहीत असणार, हे क्रेगने ठरवलं असतं तर मी त्याला नावं ठेवली असती. पण ते ठरवलं मी. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेल्या, देवळासमोरून जाताना अजून हात जोडणाऱ्या बाईने.

मग क्रेगचा राग आला, कारण मी परत जाऊन ते भोक नीट बघितलं. कॉन्ट्रॅक्टरने लिहून दिलं होतं की भोकं डायमंड कोअर ड्रिलने पाडू. ते ड्रिल फक्त फिरतं, ठोकत नाही. त्याने पाडलेलं भोक आतून काचेसारखं गुळगुळीत असतं. हे भोक आतून खडबडीत होतं, कपच्या उडालेल्या, आणि त्याच्यापासून चांदणीसारख्या बारीक भेगा निघालेल्या. हॅमर ड्रिल. भिंतीवर कपाट लावायला वापरतात त्याचा मोठा भाऊ. म्हणजे माझी चूक होतीच, आणि तिच्यावर त्यांनी हातोडा मारला होता.

"क्रेग, हे हॅमरने पाडलंय."

"कोअर ड्रिलची रिग अव्हेलेबल नव्हती. थांबलो असतो तर प्रोग्रॅम स्लिप झाला असता. ड्रिल इज अ ड्रिल."

"किती दगडांना पाडलंयस?"

"सहा. हा धरून सात."

"ते सहा कुठेत?"

"चार यार्डात." त्याने वर बघितलं. "दोन बसवलेत."

दोन दगड आधीच वर होते. पूर्वेच्या बाजूला, गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, पंधरा फुटांवर. प्रत्येकी जवळपास दीड टन. देऊळ उघडल्यावर त्यांच्याखालून बायका-मुलं-म्हातारी माणसं फेऱ्या घालणार होती. आणि मी सही करून द्यायची होती की दोष मुळात दगडातच असावा.

त्या संध्याकाळी मी निनादला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो बँकेत रिस्कमध्ये आहे, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"तू सही नाही केलीस तर?"

"सायमन करेल. डायरेक्टर आहे तो."

"आणि तू परस्पर कमिटीला सांगितलंस तर?"

"क्लायंट कॉन्ट्रॅक्टर आहे. कॉन्फिडेन्शियालिटी तोडली म्हणून मला काढू शकतात."

"पण लोकांच्या डोक्यावर दगड आहेत ना?"

"दोन."

"मग कॉन्फिडेन्शियालिटी कुठे येते मध्ये? तुमच्या इंजिनीअर्सच्या इन्स्टिट्यूशनच्या कोडमध्ये पब्लिक सेफ्टी पहिली नाही का?"

पहिलीच आहे. मला माहीत होतं. कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार ओळींचा ईमेल लिहिला. सायमनला, क्रेगला, आणि कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल ऑफिसरला, म्हणजे बांधकाम सुरक्षित आहे की नाही हे तपासणाऱ्या सरकारी माणसाला. बसवलेल्या दोन दगडांबद्दल मला सेफ्टी कन्सर्न आहे. खालचा भाग बंद करावा. गुरुवारी साइटवर सगळ्यांसमोर तपासणी व्हावी. आणि ड्रॉइंगवरची सातवी टीप माझी आहे, ती चुकीची होती.

शेवटच्या वाक्यावर सायमनचा फोन आला. मी ऑफिसात पोचलेही नव्हते.

"तू लेखी चूक कबूल केलीस? इन्शुररला न विचारता?"

"हो."

"मेधा, हे तू एका सप्लायरसाठी करते आहेस."

"तो सप्लायर नाही. डिझायनर आहे."

"त्याच्याकडे साइट कार्डसुद्धा नाही!"

हेही खरं होतं. इथे साइटवर काम करायला सेफ्टीचं कार्ड लागतं, त्याची परीक्षा कॉम्प्युटरवर, इंग्रजीत. चारही शिल्पी पाठांतर करून पास झाले. माणिक्कम दोनदा नापास झाले. त्यामुळे स्वतः आखलेल्या देवळात ते पाहुणे होते. सोबत कुणीतरी असल्याशिवाय त्यांना पाच पावलंही चालायची परवानगी नव्हती. पन्नास वर्षं दगड उचलणाऱ्या माणसाला बावीस वर्षांचा सुपरवायझर 'धिस वे प्लीज' म्हणत हिंडवायचा.

गुरुवारी दहा वाजता सगळे केबिनमध्ये जमले. सायमन, क्रेग, डॉक्टर सुमती आणि कौन्सिलचा ॲलन. ॲलन साठीचा, कमी बोलणारा, बुटांवर चिखल असलेला माणूस. मी पाहिलं तर माणिक्कम नव्हते. ते बाहेर पायरीवर बसले होते.

"त्यांना आत बोलवा," मी म्हटलं.

"ही टेक्निकल मीटिंग आहे," क्रेग म्हणाला.

डॉक्टर सुमती नेहमी फार मृदू बोलतात. जी.पी. आहेत, दिवसभर लोकांची दुखणी ऐकतात. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "माझ्या देवळाबद्दल टेक्निकल मीटिंग आहे आणि माझा स्थपती पायरीवर? क्रेग, मी डॉक्टर आहे, मला दगडातलं काही कळत नाही. मी आत आहे. त्यांना कळतं. ते बाहेर आहेत. मला समजावून सांगता?"

ॲलनने उठून दार उघडलं आणि माणिक्कमना स्वतःची खुर्ची दिली.

माणिक्कम बसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, इथे बसून काय होणार? दगड बाहेर आहे. चला, दाखवतो."

बाहेर यार्डात कपोताचे सत्तावीस दगड ठोकळ्यांवर ओळीने मांडलेले होते. माझ्याकडे भाड्याने आणलेलं एक मशीन होतं. त्याचं काम सोपं आहे. दगडाच्या एका बाजूने आवाजाची लहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते मोजायचं. आत भेग असली की लहरीला वळसा पडतो आणि ती उशिरा पोचते. माणिक्कमकडे एक छोटी हातोडी होती. दगड ठोकायचा आणि ऐकायचं. घंटेसारखा वाजला तर अखंड, मातीच्या मडक्यासारखा वाजला तर आत काहीतरी आहे. त्यांच्याकडे खाणीतून दगड निवडतानाच ही परीक्षा होते. कुठल्या नादाचा दगड मूर्तीला, कुठला पायाला, हेही त्यावरून ठरतं.

"त्याला भोकं दिसतायत," क्रेग म्हणाला. "कुठले ड्रिल केलेत ते कुणीही सांगेल."

माणिक्कमना मी मराठीत सांगितलं. ते हसले, दगडांकडे पाठ करून उभे राहिले आणि हातोडी मागच्या मागे ॲलनकडे दिली. "साहेब, तुमी मारा. कुठला पण मारा."

त्यांचं बोलणं मी इंग्रजीत सांगत गेले. ॲलनने हातोडी घेतली. मनाला येईल त्या क्रमाने तो दगडांवरून फिरू लागला. टण्ण.

"चांगला," माणिक्कम म्हणाले.

टण्ण. "चांगला."

ठक्. "गेला."

मी प्रत्येक दगडाला मशीन लावत होते आणि आकडा मोठ्याने वाचत होते. डॉक्टर सुमती लिहीत होत्या. शेजारच्या गोडाउनचे लोक कुंपणापाशी येऊन उभे राहिले. ड्रिल केलेले चारही दगड ठक् वाजले, चारही माझ्या मशीनवर उशिरा आले. बाकीचे टण्ण, टण्ण, टण्ण. सव्विसावा दगड भोक नसलेला होता, कोपऱ्यातला, नवाकोरा दिसणारा. ॲलनने ठोकला.

माणिक्कमनी मान वाकडी केली. "परत मारा."

ॲलनने परत मारला.

"गेला. डाव्या बाजूला."

"यावर ड्रिलच नाहीये!" क्रेग म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता. "बघा! सांगत होतो ना!"

मी मशीन उजव्या बाजूला लावलं, ठीक आलं. डाव्या बाजूला लावलं, आकडा जवळजवळ दीडपट झाला. मी तो वाचला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण आता खरोखरच प्रश्न होता. ना भोक, ना काही, मग हा दगड फुटला कसा?

फोर्कलिफ्टवाला मागे उभा होता. मोठा, दाढीवाला माणूस. त्याने हेल्मेट वर केलं. "ॲक्च्युअली," तो म्हणाला, "मागच्या आठवड्यात त्याला फोर्कचा धक्का लागला होता. डाव्या बाजूला. मी सांगितलं होतं, क्रेग. तू म्हणालास, सोड."

क्रेगचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. मला आणखीनच राग आला. मागच्या आठवड्यात हा मनुष्य 'सोड' म्हणतो आणि या आठवड्यात 'इंडियन स्टोन' म्हणतो. आणि आम्ही सगळे शिकलेले लोक त्याच्या शब्दाला 'पॉसिबल' जोडून सही करायला बसलेलो.

ॲलनने हातोडी माणिक्कमना दोन्ही हातांनी परत दिली. मग क्रेगला म्हणाला, "वरचे दोन उतरवा. तोपर्यंत त्या बाजूला कुणी जायचं नाही. आणि ड्रिलिंग बंद. आज, आत्तापासून."

"मग ते दगड धरणार कसे?" सायमनने विचारलं.

मी माझं अर्ध्या पानाचं गणित काढलं. शेपटीवरचं वजन, झुकलेला भाग, वारा, सगळं घालून. डॉवेलशिवाय दगड आरामात बसत होता, आमच्या बांधकामाच्या कोडला हवा त्याहून कितीतरी जास्त भक्कम. अट एकच, वरचा थर बसेपर्यंत खालून टेकू. शेजारी मी माणिक्कमचं जानेवारीतलं पत्र ठेवलं. त्यांची मापं वेगळी होती, अक्षर वेगळं होतं. टेकूंच्या जागा त्याच होत्या.

"हे त्यांनी आठ महिन्यांपूर्वी पाठवलं होतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही."

माणिक्कमना इंग्रजी बेताचंच कळतं, पण हे कळलं. ते मराठीत म्हणाले, "आता वाचला ना? बस."

मी तिथेच त्यांची माफी मागितली. सगळ्यांसमोर, इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावी. दुसऱ्या कुणीही मागितली नाही.

वरचे दोन दगड उतरवले. त्यातल्या एकाच्या भोकापासून निघालेली भेग कडेपर्यंत पोचली होती. ती पाहून मी थोडा वेळ गाडीत जाऊन बसले.

आठ नवे दगड तमिळनाडूत परत घडवावे लागले: फुटलेला एक, ड्रिल केलेले सहा, धक्का लागलेला एक. त्यात सात महिने गेले. कुंभाभिषेक, म्हणजे देवळाच्या प्राणप्रतिष्ठेचा मोठा सोहळा, पुढे ढकलावा लागला. भारतातून, कॅनडातून तिकिटं काढलेल्या लोकांना डॉक्टर सुमतींनी एकेक फोन करून सांगितलं, आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. कॉन्ट्रॅक्टरच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये या सगळ्याला 'ड्रिलिंग मेथडॉलॉजीबाबत शिकलेले धडे' असं म्हटलंय. कोण शिकलं ते लिहिलेलं नाही. क्रेग आता दुसऱ्या साइटवर आहे. सायमनने मला काढलं नाही, पण पुढची दोन मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली, आणि वर्षाच्या शेवटच्या रिव्ह्यूमध्ये मी 'टीम प्लेअर' म्हणून कमी पडते असा शेरा आला. तो शेरा मी जपून ठेवला आहे.

देऊळ पुरं झालं. उत्तम झालं. मग कॉन्ट्रॅक्टरने एका स्थानिक बांधकाम-पुरस्कारासाठी अर्ज केला आणि तो मिळालाही. छापलेल्या पत्रकात कॉन्ट्रॅक्टरचं नाव होतं, आमच्या फर्मचं होतं, लँडस्केपवाल्याचं होतं, पार्किंगचे दिवे लावणाऱ्याचंही होतं. माणिक्कमचं नव्हतं. मी आयोजकांना फोन केला. बाई नम्र होत्या. म्हणाल्या, फॉर्ममध्ये आर्किटेक्ट म्हणून नोंदणी क्रमांक लागतो, त्यांच्याकडे तो नाही, आणि स्थपती असा रकानाच आमच्याकडे नाही. त्यामुळे त्यांना 'स्पेशालिस्ट स्टोन सप्लायर' या सदरात टाकलं होतं, आणि ते सदर जागेअभावी गाळलं.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम संपल्यावर एक शेवटचा ड्रॉइंगचा सेट करून द्यायचा असतो, जसं बांधलं तसं दाखवणारा. तो कौन्सिलकडे कायम राहतो. पुढे कुणाला दुरुस्ती करायची असेल तर तो आधी हा सेट बघतो. तो करायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात नावांची चौकट असते. मी तिच्यात एक ओळ वाढवली. रोल: स्थपती. नाव: माणिक्कम. आणि ती ओळ माझ्या नावाच्या वर ठेवली.

सायमनने शीट स्क्रीनवर पाहिलं. "हा रोल आपल्या टेम्प्लेटमध्ये नाही."

"आता आहे."

"कुणी अप्रूव्ह केलं?"

"बिल्डिंग कंट्रोलने. ॲलनला काल पाठवलं होतं. त्याने स्वीकारलं."

मी बेचाळीस शीटं पाठवून दिली.

या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढंच सांगू शकते: फॉर्ममध्ये रकाना नाही असं कुणी म्हणालं, तर विनंती करत बसू नये. रकाना आखावा, नाव लिहावं आणि सबमिट करावं. नंतर तो खोडायला दुसऱ्या कुणालातरी कारण लिहून द्यावं लागतं, आणि कारण लिहून द्यायला सहसा कुणी तयार नसतं.